गुलाबी दगडावरचं हिरवं

तुर्भ्याच्या रंगाच्या कारखान्यात जयप्रकाश सामंतांच्या परवानगीशिवाय एकही रंग डब्यात जात नसे. नमुन्याशेजारी पट्टी धरायची, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "पिवळा जास्त झालाय. परत करा." बेलापूरला स्वतःच्या घरात मात्र एका हिरव्याने त्यांना विचारलंच नव्हतं.

बदली होऊन गेलेल्या साहेबांनी जाताना खाऱ्या पाण्याची काचेची टाकी त्यांच्या गळ्यात घातली होती. आत दोन नारिंगी मासे आणि दगडाला धरून वाढलेलं गुलाबी प्रवाळ. अंगठीतलं पोवळं नव्हे. जिवंत, दिवा लागला की फुलणारं, हात लागला की मिटून घेणारं. यंदाच्या अधिक आषाढात त्यावर केसाळ शेवाळ असं काही माजलं की गुलाबी शोधावं लागे. असंच चाललं तर ते खाली गुदमरून मरणार, हे जयप्रकाशना कळत होतं.

"गणपतीपर्यंत हे हिरवं गेलं नाही तर टाकी जाणार," त्यांच्या बायकोने, सुचिताने सांगून टाकलं. "तो कोपरा गणपतीचा. गेल्या वर्षी तुमच्या टाकीपायी देव स्टुलावर बसला."

"बसला ना पण."

"हलत होता."

जयप्रकाश कामाला लागले. जुन्या टूथब्रशने दगड घासला. दिवा कमी वेळ लावू लागले. माशांचं खाणं चिमटीवर आणलं. शेवटी टाकीवर काळी चादर टाकून अंधार केला, तर वरच्या मजल्यावरचे नंदकिशोर दारातूनच हळू आवाजात विचारते झाले, "कोण गेलं?"

शेवाळ जरा सुकलं आणि चादर काढताच दुप्पट हौसेने परत आलं.

"पाण्यात कुठून तरी खत जातंय," जयप्रकाश म्हणाले. "पण मासे तर डाएटवर आहेत."

"डाएटवर?" सुचिता भाजी चिरता चिरता म्हणाली. "पोटं बघा त्यांची. तुमच्यावर गेलीत."

जयप्रकाशनी पाहिलं. खरंच की. त्यांनी दगड उचलला, नळीने तळाची वाळू उपसली, तर बादलीत कणकेच्या गोळ्या. आंबलेल्या, बुळबुळीत. एकीला हळद लागलेली.

त्यांची आई, सरस्वतीबाई, पलंगावर जपमाळ ओढत होत्या. माळेचा वेग एकदम वाढला.

"आई."

"अधिक महिना आहे," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "माशांना कणीक घालावी. गावी नदी होती. इथे तुझी टाकी."

"पण एवढी?"

"माझ्या एकटीची नाही ती. बिल्डिंगची आहे."

तेवढ्यात दारात केशरबाई उभी. दिवाळे कोळीवाड्यातली, सकाळी घरोघरी मासळी विकणारी. दुपारी मात्र मुठीत काहीतरी झाकून आलेली.

"केशरबाई, तुम्ही पण?"

"काय करू सामंतभाऊ? बारा महिने मासं इकते मी. त्याचं कायतरी फेडाला नको?"

"म्हणजे एकीकडे कापायचे आणि दुसरीकडे भरवायचे?"

"मंग? कापलेलं कुटं खातंय?"

सुचिता तोंडाला पदर लावून हसत होती.

आईचं पुण्य थांबवायची जयप्रकाशांची छाती नव्हती. त्यांनी पुण्याची जागा बदलली. मलेरियावाल्यांकडून डासांसाठी मिळणारे गप्पी मासे आणून गॅलरीतल्या सिमेंटच्या कुंडीत सोडले.

सरस्वतीबाईंनी चष्मा लावून वाकून पाहिलं. "एवढुसे? पुण्यही एवढुसंच लागायचं."

"आई, संख्या बघ."

त्यांनी बघितलं, आणि मुठीतली कणीक कुंडीत सोडली. दुपारी कणीक घालायला येणाऱ्या बिल्डिंगमधल्या बायकाही गॅलरीत जाऊ लागल्या. आत जयप्रकाश घासत राहिले, पाणी बदलत राहिले. खायला न मिळालेलं शेवाळ आधी फिकटलं, मग टूथब्रशला सहज सुटू लागलं. श्रावण सरता सरता दगडाच्या एका बाजूला गुलाबी ठिपका उघडला.

सुचिताने तो पाहिला. दुसऱ्या दिवशी तिने सुताराला बोलावून टाकीशेजारी मावेल असं भक्कम टेबल सांगितलं.

चतुर्थीला गणपती त्यावर बसला. न हलता. आरती झाली, पानं वाढली गेली, आणि जयप्रकाशना टाकीत तरंगणारा मोदकाचा तुकडा दिसला.

"हा कोणाचा?"

सरस्वतीबाईंनी गॅलरीकडे बोट दाखवलं. "माझं सगळं तिकडे असतं आता."

दर्शनाला आलेल्या केशरबाईने दोन्ही हात उलटसुलट करून दाखवले.

सुचिता कोणाकडेही न पाहता पदराला बोटं पुसत होती. बोटांना गूळ लागला होता.

जयप्रकाशनी जाळी घेतली, तुकडा अलगद बाहेर काढला आणि गॅलरीत नेऊन गप्पींना घातला.