वरच्या गावची फेरी

गुरवबाबांना सायकलवर बसता येत होतं, चालवता येत होतं, पण उतरता येत नव्हतं. पन्नाशीत सायकल शिकलेला माणूस, त्यातून नेसूचं धोतर. थांबायचं झालं की ते लांबूनच एखादं झाड, गवताची गंजी, नाहीतर गोठ्याची भिंत हेरत आणि "धरा रं!" असं ओरडत तिकडे निघत. जवळ कुणी असलं तर धरी, नसलं तर झाडावर भिस्त. मी भिवपुरीच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो त्या पहिल्याच आठवड्यात ते असे माझ्या अंगावर आले. आमची ओळख झाली तेव्हा आम्ही दोघेही मातीत बसलेलो होतो. "लागलं का, मास्तर?" असं त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सायकलचं चाक फिरवून पाहिलं.

घाटावरच्या एका गावच्या भैरोबाचे ते पुजारी. ते गाव आता नव्हतं. तिथे धरण झालं, खोऱ्यात पाणी भरलं आणि माणसं पोटामागे पांगली. काही भिवपुरीच्या वीजघरात मजुरीला, काही कर्जतच्या आसपास दुसऱ्यांच्या भातशेतीवर, काही पार खोपोलीच्या चाळीत. बाबांनी देव पाठीला बांधून घाट उतरवला आणि डोंगराच्या पायथ्याशी एका छपरात बसवला. ही सगळी मंडळी आपल्या बुडालेल्या गावाला 'वरचं गाव' म्हणत. डोक्यावरून एवढं पाणी गेलं तरी ते वरचंच राहिलं.

कार्तिकातल्या वद्य अष्टमीला भैरोबाची पूजा झाली की गूळखोबऱ्याचा प्रसाद गावातल्या प्रत्येक घरी गुरवाने स्वतःच्या हाताने द्यायचा, आणि तोही त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत, अशी त्यांची रीत. ज्या घरी प्रसाद पोचला नाही ते घर गावातून तुटलं. "वर हुतो तवा चिलीम विझायच्या आत फेरी हुयाची," बाबा सांगत. आता तीच घरं दोन तालुक्यांत विखुरलेली. पायी जायचं तर तीन दिवस लागले असते, म्हणून त्यांनी वीजघरातल्या एका फोरमनची टाकून दिलेली सायकल मागून आणली. गावात लोक हसले. बाबा म्हणाले, "देवाला घोडं हाय, मग गुरवाला काय नको?"

एक घर त्यांच्या हातून गेलं होतं. खालापूरच्या तळ्याजवळचं. माझ्या येण्याआधीच्या वर्षी वाटेत चेन तुटली आणि बाबा दारात पोचले तेव्हा अंधार पडला होता. त्यांनी प्रसाद दिला नाही, घरधन्यानेही मागितला नाही. परतताना बाबांनी तो पुडा तळ्यात सोडला. पुढच्या अष्टमीला गेले तर तो माणूस उंबऱ्यातूनच म्हणाला, "आमी आता हितलंच, बाबा. तुमी कशाला तरास करून घेता?" त्या घराचा विषय निघाला की बाबा पागोटं काढून पुन्हा नीट बांधत बसायचे. मला त्यांचा रागही यायचा. गूळखोबरं एक दिवस उशिरा खाल्लं तर काय बिघडतं, असं माझ्या तेव्हाच्या शिकलेल्या डोक्याला वाटायचं.

मी तिथे आल्याच्या तिसऱ्या वर्षी त्यांच्या छातीत कळ यायला लागली. अष्टमीच्या आदल्या दिवशी ते शाळेत आले. "मास्तर, उद्या रजा घ्या आन् संगं चला. वाटेत पडलो तर सायकल तरी कुनी घरी आनंल." मी म्हटलं, तुम्ही घरीच थांबा, प्रसाद मी वाटून येतो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी शाळेला रजाच टाकली. वर बाबांनी ऐकवलं ते वेगळंच: "मग परवा शाळंत मी शिकवू काय?"

झुंजूमुंजू झालं तसे आपापल्या सायकलींवर निघालो. बाबांच्या कॅरिअरला पत्र्याची पेटी, तीत पळसाच्या पानांतले वीस पुडे. रस्ता म्हणजे बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. शेतांतून जायचं तर नुकत्याच कापलेल्या भाताचे टोकदार खुंट, नाहीतर हातभर रुंदीचे बांध. दहा वाजेपर्यंत माझ्या मांड्या भरून आल्या, बारापर्यंत त्या माझ्या आहेत की कुणा दुसऱ्याच्या हे कळेनासं झालं. बाबा मात्र कुरकुर न करता पुढे. वाटेत तळं, ओढा, डबकं काहीही लागलं की थांबून हात धुवायचे, कारण हँडलला लागलेला हात प्रसादाला लावायचा नाही. पावसाळा नुकताच सरलेला, त्यामुळे त्या मुलुखात पाणी पावलोपावली. प्रत्येक पाण्याशी उतरायचं, म्हणजे आधी मी उतरून त्यांना धरायचं. पाणी सुंदर होतं असं लोक म्हणतात. मी त्या दिवशी त्याला मनातून शिव्या देत होतो.

घरोघरी मात्र माणसं वाट बघत उभी असत. एकेका घरातले दोन गडी सायकल धरायला तयार. बाबा आत जात, पुडा हातावर ठेवत आणि प्रत्येक ठिकाणी तेच विचारत: "जनावरं बरी हायत ना? पोरगी दिली का कुठं? वरची सपनं पडतात का?" तिसऱ्या प्रश्नाला बायका पदर डोळ्यांना लावत आणि पुरुष दुसरीकडे बघत. कुणी जेवायचा आग्रह केला तर म्हणत, "बसलो तर उठायचा नाय." गुळाचा चहा तेवढा उभ्याउभ्या घेत.

दुपारी पळसदरीच्या तलावावर पोचलो तेव्हा चौदा घरं झाली होती. बाबांचा चेहरा काळवंडलेला. बांधावरच्या जांभळीखाली ते आडवे झाले आणि एका धोंड्याकडे बोट दाखवून म्हणाले, "सावली त्याला टेकली की हाक मारा. इसरू नका, मास्तर." डोळे मिटले तसा त्यांचा जबडा सैल पडला आणि तोंडावरचा सगळा थकवा उघडा दिसायला लागला. सावली धोंड्याला टेकली. मी हाक मारली नाही. सावली धोंड्यावरून पुढे सरकली, बांध उतरली, पाण्यात शिरली. मी तिच्याकडे बघत बसलो. मनात म्हटलं, चुकली तीन-चार घरं तर चुकली, निदान हा माणूस घरी परत जाईल.

ते आपणहून उठले. सावलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कासोटा घट्ट केला आणि सायकल धरायची खूण केली. मग आम्ही जे पायडल मारले ते मारले. खालापुराकडची राहिलेली तीन घरं उन्हं असतानाच झाली. उरली खोपोलीच्या चाळीतली तीन. तिकडे वळलो आणि शिळफाट्याच्या अलीकडे बाबा एकदम एका बाजूला कलले. मी माझी सायकल टाकून त्यांना झेललं. छाती दाबून ते रस्त्याकडेला बसून राहिले. बसल्या जागेवरून त्यांनी सूर्य पूर्ण बुडेपर्यंत बघितला.

"चला," ते म्हणाले.

"आता कशाला, बाबा?"

"तोंड दाखवाया. घर तुटलं ते त्यांना सांगाया नको?"

दोन्ही सायकली मी ढकलत होतो, ते मागच्या कॅरिअरला हात धरून चालत होते. अंधारात बोलणं सोपं जातं. मी म्हटलं, "बाबा, चूक माझी. मी तुम्हाला मुद्दाम उठवलं नाही."



"ठावं हाय. मी जागाच हुतो."

"मग उठला का नाहीत?"

"दमलो, मास्तर. म्हटलं, सुटू दे एकदाचं. किती वरसं मीच एकला धरून बसायचं? त्यांना तरी पायजे का नाय, कुनाला ठावं."



चाळ लांबूनच दिसली. खोल्याखोल्यांत चिमण्या, कंदील लागलेले, चुलींचा धूर कौलांवरून निघालेला. शेवटच्या तीन खोल्या तेवढ्या काळ्याठिक्कर. मला वाटलं, माणसं परगावी गेली असतील. जवळ गेलो तर पहिल्या खोलीच्या उंबऱ्यावर कुणीतरी बसलेलं.

"कोन, धोंडू का?" सोनाआत्या. बाबांना नावाने हाक मारणारं वरच्या गावातलं उरलेलं एकमेव माणूस.

"व्हय, आत्या. चुकलो गं. दिवस बुडाला."

"कुनी सांगितलं?"

"म्या बघितला बुडताना."

"तू लई शाना," म्हातारी म्हणाली. "दिवस बुडाला असता तर आमी दिवा लावला नसता का? आमच्यात अजून उजेड हाय. आन हिकडं."

आतून एक लेकरू भुकेने किरकिरत होतं. चूलही पेटवलेली नव्हती. पलीकडच्या दोन्ही दारांत माणसं उभी होती, नुसते पांढरे कपडे दिसत होते. बाबा हलेनात. मग त्यांनी मला पाणी मागितलं, मी शेजारून तांब्या आणून त्यांच्या हातावर ओतला. त्यांनी पुडा काढला आणि चाचपडत आत्याचा हात शोधून त्यावर ठेवला. दुसऱ्या दारात ठेवला, तिसऱ्या दारात ठेवला. मग भिंतीला टेकून खाली बसले आणि मोठ्याने रडले. मीही रडलो. अंधार असल्याने कुणाला कुणाची लाज वाटली नाही.

"आत्या," बाबांनी विचारलं, "आलोच नसतो तर?"

"तर काय? बसलो असतो. तू येस्तवर."

"लावा गं आता," बाबा म्हणाले, आणि तिन्ही खोल्यांत काड्या ओढल्याचा आवाज आला.

गुरवबाबा पुढच्या माघात गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. पूजा त्यांचा पुतण्या करू लागला, पण फेरीचं नाव त्याने काढलं नाही. माझी बदली पेणला झाली. पुढच्या अष्टमीला मी सकाळपासून अस्वस्थ होतो, खोपोलीला जाऊन यावं असं दहादा मनात आलं, आणि शाळेचं कारण स्वतःला सांगून मी गेलो नाही. त्या तीन खोल्यांत त्या दिवशी दिवा कधी लागला, हे विचारायची हिंमत मला आजवर झालेली नाही.