वाँट-टू मामी

वाँट-टू मामींसमोर इंग्रजीत खोटं बोलायची सोय नव्हती. तमिळमध्ये बोला, आमच्या घरगुती मराठीत बोला, हव्या तेवढ्या थापा मारा, त्या कानाडोळा करायच्या. पण इंग्रजी वाक्य तोंडातून निघालं की चष्मा कपाळावर चढवून विचारायच्या, "खरं की?" गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या एका तरुणानं त्यांना पिशवी घेऊन येताना पाहिलं आणि शिष्टाचार म्हणून 'आय वाँट टू हेल्प यू, मॅडम' असं म्हणून टाकलं. झालं! त्या दिवशी त्याच्याकडून मामींनी तांदळाचं पोतं माळ्यावर चढवून घेतलं, पंखा पुसून घेतला आणि वर नारळही सोलून घेतले. तेव्हापासून तो पोरगा मागच्या गल्लीतून जाऊ लागला.

तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर, आणि अगदी समोर मामींचं. मुलींच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. यजमान कधीच गेलेले, एकुलता एक मुलगा श्रीधर बंगळुरात. दुपारची भांडी झाली की त्यांच्या पुढच्या खोलीत गल्लीतल्या बायकांचा इंग्रजीचा वर्ग भरायचा. मी बी.कॉम. होऊन घरी बसले होते. मुलाखतीला गेले की माझ्या घशातून आवाजच फुटत नसे, म्हणून अम्मानं मला तिकडं ढकललं. मग एकटीला कशाला पाठवायचं म्हणून स्वतःही येऊन बसली. बसली ती बसलीच.

मामींच्या फळ्यावर 'आय वाँट टू' एवढंच लिहिलेलं असे. ते कधी पुसलं जात नसे. पुढचं ज्यानं त्यानं आपलं आपण भरायचं. पुस्तकातलं वाक्य चालायचं नाही, शेजारणीचं चालायचं नाही. आपल्याला खरोखर हवं असेल तेच सांगायचं, आणि एकदा सांगितलं की अस्क्यांनी मिळून ते करायचं. (अस्के म्हणजे सगळे. पुण्याला लग्न होऊन आल्यावर मी देवनागरी शिकले, हे असं लिहायलाही शिकले, पण हा शब्द काही सुटत नाही. नवरा हसतो. हसू दे.) मामी म्हणायच्या, "तोंडातून गेलं की पायात आलं पाहिजे. नाहीतर कशाला शिकता? पोपट पाळले असते मी."

त्यामुळे पहिले कितीतरी दिवस कुणी तोंडच उघडेना. बोललं तर करावं लागणार! शेवटी कोपऱ्यावर इडलीचं पीठ विकणाऱ्या सेल्वीनं धीर केला. तिला समुद्र बघायचा होता. जन्म कावेरीच्या मुलुखात गेला, बसनं काही तासांवर समुद्र, आणि बाईनं तो टीव्हीवरच पाहिलेला. पुढच्या रविवारी आमचा अख्खा वर्ग पुळिओदरैचे, म्हणजे चिंचभाताचे, डबे घेऊन नागपट्टिणमच्या बसमध्ये बसला. सेल्वी पाण्यात उतरली ती बाहेर यायलाच तयार होईना. शेवटची बस चुकते की काय म्हणून आमचा जीव खालीवर होत होता, आणि मामी वाळूत बसून तिला इंग्रजीत विचारत होत्या, अजून किती वेळ थांबायचंय? सेल्वीनं तिथून ओरडून अख्खं वाक्य बरोब्बर सांगितलं. मामींनी आम्हा बाकीच्यांना गप्प बसायला सांगितलं.

माझ्या अम्माचं गाडं मात्र अडलं होतं. ती रोज म्हणायची, मला बाजारात जायचंय, मला सांबार करायचंय, मला सासूबाईंच्या गोळ्या आणायच्यात. मामी शांतपणे मान हलवायच्या. म्हणायच्या, हे तुला करावं लागतं ग, हवंय कुठं? हवं ते सांग. अम्मा कावरीबावरी व्हायची. घरी येऊन मला म्हणाली की या बाईला काय पाहिजे तेच कळत नाही. मी म्हटलं, तिला नाही ग, तुला काय पाहिजे ते विचारतेय ती. यावर अम्मा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आणि मग एका दुपारी, काही नसताना, मान खाली घालून ती म्हणाली, "आय वाँट टू ईट हॉट दोसै." आमच्या घरी दोसै अम्मा घालायची आणि बाकीचे खायचे. तिच्या ताटात यायची ती शेवटची, गार, वातड. हे मी जन्मापासून बघत होते, पण माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. रविवारी सकाळी मामी आमच्याकडे आल्या, अम्माला पाटावर बसवलं आणि अप्पांच्या हातात उलथनं दिलं. अप्पा सरकारी कचेरीतले, घरात पाण्याचा पेलाही न उचलणारे. पहिली दोसै तव्याला चिकटली, दुसरीचा नकाशा झाला. अप्पा पुटपुटत होते की इंग्रजी शिकायचं म्हणजे हे कसलं इंग्रजी. मामी म्हणाल्या, हेच. तिसरी मात्र जमली. अम्मानं ती खाल्ली आणि डोळे पुसत म्हणाली की मिरची फार आहे. चटणी मीच केली होती, मिरची अजिबात नव्हती.

मला नोकरी लागली तीसुद्धा या वर्गामुळेच. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, ही नोकरी का हवी? मी खरं तेच सांगितलं, की मला स्वतःच्या पैशांनी साडी घ्यायचीय. ते हसले. मी मात्र हसले नाही.

असं सगळं छान चाललेलं, आणि बातमी आली की श्रीधर मामींना न्यायला येतोय. कायमचं. घर भाड्यानं देणार. वर्ग हादरलाच. आम्ही सेल्वीच्या पिठाच्या डब्यांमध्ये बसून गुप्त बैठक घेतली. ह्या वयात बंगळुरात, पंधराव्या मजल्यावर कोंडून घालणार की काय मामींना? मुलगा म्हणतोय म्हणून बिचाऱ्या निघाल्यात, हे आम्हाला स्वच्छ दिसत होतं. मग माझ्याच सुपीक डोक्यातून युक्ती निघाली. मामींनी आजवर स्वतःचं वाक्य कधी सांगितलं नव्हतं. ते त्यांच्याकडून वदवून घ्यायचं. 'मला इथं राहायचंय' एवढं एकदा तोंडातून गेलं की मग आम्ही आहोत आणि श्रीधर आहे. सामान गाडीत चढू देणार नव्हतो आम्ही!

दुसऱ्या दिवशी सेल्वीनं खडू उचलून मामींच्या हातात दिला आणि तमिळमध्ये सांगितलं की आज टीचरची पाळी. मामी टाळत होत्या. आम्ही ऐकेना. त्या खडू हातात फिरवत कितीतरी वेळ फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "आय वाँट टू गो टू माय सन."

मामी मराठीत पुढं बोलल्या. "त्याचे अप्पा गेले तेव्हापासून वाट बघतेय. एकदा तरी म्हणेल, अम्मा, इकडे येऊन राहा. मी कधी मागितलं नाही. मागून मिळालं तर त्यात काय? आता आपणहून म्हणालाय."

आम्हाला शिकवणारी बाई स्वतःच्या मुलाला एवढं साधं सांगू शकली नव्हती. मला त्यांचा राग आला, श्रीधरचा आला, आणि आमचा तर फारच आला. पण वाक्य खरं होतं, आणि खरं वाक्य म्हटल्यावर पुढं काय करायचं ते अस्क्यांना पाठ होतं. कुणी भांडी कागदात गुंडाळली, कुणी साड्यांच्या घड्या घातल्या. अम्मानं वाटेसाठी दहीभात बांधला. सेल्वीनं तर बंगळुरात पीठ चांगलं मिळत नाही म्हणून एक अख्खा डबा गाडीत ठेवला, जो श्रीधरनं घाबरत घाबरत मांडीवर घेतला. आम्ही हसत होतो, चेष्टा करत होतो, अगदी लग्नघरासारखी धावपळ. गाडी वळून दिसेनाशी झाल्यावर प्रत्येकजण आपापल्या घरी गेली आणि दारं लावून घेतली. त्या दुपारी गल्लीत कुणाच्या घरचा टीव्ही लागला नाही.

महिन्याभरानं मामींचा फोन आला. आवाज खणखणीत. सून चांगली आहे म्हणाल्या, नातू तमिळ बोलत नाही पण त्याला मराठी शिव्या शिकवल्यात म्हणाल्या, खाली बागेत चार बायका जमवल्यात म्हणाल्या. मी विचारलं, मग तिथं आनंदात ना, मामी? हो ग, म्हणाल्या. मला यायचंच होतं.

"पण तुम्ही अस्के इतक्या पटापटा सामान बांधत होता की. एकीनं तरी म्हणायचं होतं ग, जाऊ नका म्हणून."

अम्मा शेजारीच उभी होती, तिला सगळं ऐकू येत होतं. तिनं माझ्या हातातून फोन काढून घेतला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "अक्का, जाऊ नका."