आकारामचे गाल

उत्तरेश्वर पेठेत आकाराम बँडवाल्याचं घर विचारा, शेंबडं पोरगंही दाखवील. माणूस साधा, पण गाल काय ते! क्लॅरोनेट तोंडाला लावली की दोन्हीकडं दोन बटाटे कोंबल्यागत फुगायचे. तीस वर्षं लाल कोट घालून त्यानं गारगोटी, आजरा, नेसरी अशा गावांत शेकडो वराती वाजवल्या. ढोलताशांचा कितीही कालवा असू दे, आकारामची क्लॅरोनेट गल्लीच्या टोकाला ऐकू यायचीच. कुणी वाखाणलं की म्हणायचा, "सगळा गालाचा खेळ हाय, पावणं. गालात वारं भरून ठेवायचं, मग सूर तुटत न्हाय."

हीच विद्या त्यानं पोरीला दिली. संयोगिता, एकुलती एक. घरात रीत अशी की सकाळी थोरल्यानं 'सा' लावायचा, धाकट्यानं त्यात आपला मिळवायचा, आणि मगच चहा. आठ वर्षांची पोर, इवलंसं तोंड, सूर बारीक आला की आकाराम खेकसायचा, "ह्यो सूर हाय का मांजराचं पिल्लू? फुगीव गाल! अजून फुगीव!" पोरगी रडत रडत फुगवायची. दहा वर्षांत असली तयार झाली की पुण्याच्या एका बाईंनी तिचं वाजवणं रेकॉर्ड करून जर्मनीतल्या संगीताच्या कॉलेजात पाठवलं आणि तिकडून बोलावणं आलं. अख्ख्या पेठेनं पेढे खाल्ले. आकारामची छाती तर कोटाच्या बटणात मावेना.

ऑक्टोबरात ती गेली. पण रीत मोडायची नाही असं ठरलेलं. इथं दुपारचा चहा व्हायच्या वेळेला तिकडं तिची मधली सुट्टी असायची. आकाराम फोन तांब्याला टेकवून 'सा' लावायचा, ती तिकडून मिळवायची. दोन आठवडे झकास चाललं. तिसऱ्या आठवड्यात पोरगी टाळाटाळ करायला लागली. आज डोकं दुखतंय, उद्या काम हाय. चेहराही दाखवेना. एक दिवस आकाराम चिडलाच.

"तोंड दाखीव आधी!"

तिनं फोन वर केला. खालचा ओठ सुजलेला.

"आबा, रागावणार न्हाईसा न्हवं?" म्हणाली आणि मग सगळं बाहेर आलं. तिकडच्या शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी समोर आरसा ठेवला होता. गाल फुगले की दोन बोटांनी दाबायच्या. आधीचं सगळं विसर म्हणाल्या. तीन आठवडे झाले, गाणं नाही, चाल नाही, नुसता एक सूर. आठव्या आठवड्यात ऐकणार. गाल सपाट राहिले तर ठेवून घेणार, नाहीतर परत पाठवणार.

"दिवसभर मी सपाट धरतो आबा. पण तुमचा 'सा' ऐकला की आपोआप फुगत्यात. दुसऱ्या दिवशी पुन्हा पालथ्या घड्यावर पाणी. तुम्ही लावू नगासा सूर. आठ आठवडं हुईपर्यंत."

"बरं," आकाराम म्हणाला. त्या दिवशी चहा तसाच थंड झाला.

तो इलाहीभाईंच्या दुकानात जाऊन बसला. इलाहीभाई वाद्यं दुरुस्त करायचे. त्याची क्लॅरोनेट वीस वर्षं त्यांच्याच हातची.

"भाई, खरं सांगा. मी पोरीला चुकीचं शिकीवलं?"

इलाहीभाई पितळेची कळ घासत होते. "चुकीचं न्हाय रे. रस्त्यावरचं शिकीवलंस. तिकडं रस्ता न्हाय, बंद खोली हाय. तिथं दांडगा न्हाय, सरळ सूर लागतोय."

"मग आता मी काय करू?"

"काय करणार? आपलेच दात, आपलेच ओठ."

पण बापाचा जीव गप्प बसतोय होय! आकारामनं दाढीचा आरसा खिडकीत लावला. पन्नाशी उलटलेला गडी रोज तासभर गाल सपाट धरायला बसला. आपल्यालाच एक सरळ 'सा' आला, तर पोरीला तो तरी देता येईल, एवढाच हिशोब. फुंकलं की गाल वर. बोटांनी दाबले की सूर चिरका. बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "अवं, म्हातारपणी काय चाळं हे!" तुळशीची लग्नं लागली तशा वराती सुरू झाल्या, तिथंही त्यानं एकदा सपाट गालानं वाजवायला घेतलं. सूर नवरदेवाच्या घोड्यापर्यंतही पोचला नाही. हंबीरराव, त्यांच्या बँडचे मालक, भर रस्त्यात ओरडले, "आकाराम, झोपला काय रं?" त्यानं गाल फुगवले. आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्या गालांची लाज वाटली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी फोन आला. पोरीचे डोळे लाल.

"आबा, मला न्हाय जमत. हितं कुणी माझं न्हाय. एकदाच 'सा' लावा की. एकदाच. मग रातीला मी झोपतो तरी नीट."

क्लॅरोनेट शेजारी खाटेवरच होती. आकारामचा हात तिच्यावर गेला. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय! लावला तर उद्या तिचे गाल फुगणार. नाही लावला तर पोर अशीच रडणार.

"रीड फुटलीया," तो क्लॅरोनेटच्या तोंडाची वेताची पट्टी चाचपत म्हणाला.

"दुसरी लावा की."

"दुसरी न्हाय."

"खोटं बोलतासा! डबा भरून हायत्या!" ती ओरडली. "तुम्ही पण हितल्या लोकांगत परकं हुणार व्हय? मग ऱ्हाऊ दे!"

तिनं फोन आदळला, पण बंद करायचं रागात राहून गेलं. पडद्यावर नुसतं पांढरं छत दिसत होतं. आकाराम फोन कानाला लावून बसला. हुंदके ऐकू आले, नाक ओढल्याचं ऐकू आलं. बऱ्याच वेळानं एक सूर लागला. 'सा'. बारीक, सरळ, कुठं फुगवटा नाही, कुठं गालातलं वारं नाही. आठ वर्षांच्या पोरीचा, ज्याला तो मांजराचं पिल्लू म्हणाला होता, तोच. लांबत गेला, आणि तुटला नाही.

आकारामनं तोंडावर हात दाबून धरला, तिला आवाज जाऊ नये म्हणून.

बायको चहा घेऊन आली. "कशी वाजवतीया?" तिनं हळूच विचारलं.

त्यानं फोन बंद केला.

"माझ्यागत न्हाय."

"म्हंजे चांगलं का वाईट?"

"चांगलंच की गं," आकाराम म्हणाला आणि लहान पोरागत रडायला लागला.