खेकडा राहायचा

वर्गात मोठ्याने वाचताना मुलीने एक क्रियापद बदललं, तर तुम्ही तिला लगेच टोकाल ना? मीही टोकलं. चौथीच्या वर्गात मी ओढ्यातल्या जिवांचं चित्रपुस्तक नेलं होतं. लेखिकेने ओढ्याकाठी बसून चित्रंही स्वतःच काढलेली. रेश्मा वाचू लागली, "खेकडा दगडाखाली राहायचा."

"राहतो," मी म्हणाले.

"राहायचा," ती पुन्हा म्हणाली.

मागून कुणीतरी हसलं, "बाई, हिला चष्मा लागला!"

"गप ए! बाई, आमच्या घरामागचा ओढा बुजवला ना. तिथं आता गाड्या लावतात."

तिचं बोट चित्रातल्या खेकड्यावर होतं, गेलेल्या माणसाच्या फोटोवर ठेवावं तसं. इतकं खरं पुस्तक आपण मुलांच्या हाती देतो आणि बाहेर त्यातलं एकेक वाक्य खोटं पाडत जातो. त्या ओढ्यात भराव पडताना मीही रोज तिथूनच शाळेत येत होते, गप्प.

तुमच्या भागातला ओढा अजून वाहत असेल, तर या रविवारी घरातल्या मुलांना तिथं घेऊन जा. आणि भरावाची पहिली गाडी आली, तर वाटेतून हलू नका.