मधला रविवार

डॉ. मुकुंद रेवाळे सरांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या म्युनिकच्या विद्यापीठातल्या खोलीत झाली, आणि त्या भेटीत बराच वेळ सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी कराडहून नुकतीच आलेली. पीएच.डी.साठी मार्गदर्शक मिळेल की नाही या विवंचनेत, काखेत प्रमाणपत्रांची फाइल धरून उभी. सर कॉम्प्युटरवर अमेरिकेतल्या एका बास्केटबॉल सामन्याचं रेकॉर्डिंग बघत होते. "बसा," ते म्हणाले, "आणि मला सांगा, हा बाकावर बसलेला उंच मुलगा तुम्हाला आजारी दिसतो का हो?"

"नाही सर. च्युइंगम चघळतोय, हसतोय."

"गेनाऊ! अगदी बरोबर! पण संघाने जाहीर केलंय की त्याचा गुडघा दुखतोय. आल्झो, मग का बसवला असेल?"

मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी बोलून गेले, "त्यांना हरायचं असेल." त्या एका उत्तरावर सरांनी मला विद्यार्थिनी म्हणून घेतलं. फाइल त्यांनी उघडलीच नाही, याची मला तेव्हा जराशी चुटपुट लागली होती, कारण माझी सगळी पदकं तिच्यात होती.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त आपल्या इथल्या मराठी मंडळाने हा गौरवग्रंथ काढायचं ठरवलं, तेव्हा संपादकांनी मला 'सरांचं संशोधन' हा विषय नेमून दिला. आपल्या वाचकांपैकी निम्मे मोटारींचे इंजिनिअर आणि उरलेले त्यांचे सासू-सासरे, तेव्हा सोपं करून सांगते. अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये दर वर्षी नव्या दमाचे खेळाडू संघांना पाळीपाळीने निवडता येतात. दुबळ्या संघाला बळ मिळावं म्हणून निवडीचा क्रम सोडतीने ठरवतात आणि सोडतीत जास्त हरलेल्या संघाचं पारडं जड ठेवतात. हेतू चांगलाच आहे. पण ज्या संघांची आशा संपली, ते हंगामाच्या शेवटी मुद्दाम हरायला लागतात. यात खेळाडूंना दोष द्यायचा नाही, असं सर नेहमी बजावत. "खेळाडू जीव तोडूनच खेळतो. त्याला खेळू देत नाहीत. चांगल्याला बाकावर बसवायचं आणि म्हणायचं, गुडघा दुखतो."

यावर सरांनी सुचवलेली सुधारणा मला आजही देखणी वाटते. हंगामात एक रेष धरायची. रेषेआधीचे पराभव आणि रेषेनंतरचे विजय मोजायचे, आणि त्यावरून संघाचं सोडतीतलं पारडं ठरवायचं. ही रेष नेमकी कोणत्या दिवशी होती, ते मात्र हंगाम संपल्यावर चिठ्ठी काढून जाहीर करायचं. दुबळ्याला मदत तर मिळते, पण आजचा सामना हरून फायदा होईल की तोटा, हे आज कोणालाच ठाऊक नसतं. मग मुकाट्याने जिंकायला खेळलेलंच बरं. सरांनी ही मांडणी अमेरिकेला पाठवली. आभाराचं गोड उत्तर आलं आणि पुढे काहीही झालं नाही. मी चिडले, सर चिडले नाहीत. "अहो अदितीबाई, नियम बदलायची जिंकणाऱ्याला गरज नसते आणि हरणाऱ्याला हिंमत नसते," असं म्हणून ते पुन्हा आकडेमोडीला बसले.

मंडळाच्या एका दिवाळी कार्यक्रमात सरांनी याच विषयावर भाषण केलं होतं, ते काहींना आठवत असेल. एका तरुण इंजिनिअरने उठून विचारलं, "सर, जर्मनीत शेवटचा संघ सरळ खालच्या लीगमध्ये जातो. इथे मुद्दाम कोण हरणार? मग अमेरिकेची उठाठेव आपण का करायची?" सरांनी त्यालाच विचारलं, "तुमच्या खात्यात वर्षाअखेर बजेट उरलं तर काय करता?" तो म्हणाला, "खर्चून टाकतो. नाहीतर पुढच्या वर्षी कापतात." सभागृहात हशा पिकला. सर म्हणाले, "जिथे वाईट खेळल्याचं बक्षीस मिळतं, तिथे भला माणूसही वाईट खेळतो. मला बास्केटबॉलचं तेवढंच कळतं." नंतर फराळाच्या टेबलाशी त्या तरुणाच्या बशीत सरांनी स्वतः चकल्या वाढल्या. कोणाला उत्तर देऊन खजील केलं की सर त्याला काहीतरी खायला घालतात, हा आम्हा विद्यार्थ्यांचा जुना अनुभव आहे.

मलाही त्यांनी पुष्कळ खायला घातलं, त्यावरून काय ते समजावं. माझ्या इथल्या पहिल्या ख्रिसमसला वसतिगृह ओस पडलं होतं. मजल्यावर माझ्या एकटीच्या खोलीत दिवा. सरांचा फोन आला, "काकू विचारतायत, तुम्हाला आमटी आंबट चालते का." शैलाकाकूंनी मला आठवडाभर ठेवून घेतलं. त्यांच्या घरात सरांचं काही चालत नसे, आणि ते तसं चालत नाही याचा सरांना फार आनंद होता.

काकू गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. सर निवृत्त होऊन म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच घरात एकटे राहतात. मी नोकरीमुळे नेकारसुल्मला, म्हणजे रेल्वेगाडीने अर्धा दिवस. ती उशिरा आली नाही तर, आणि ती उशिरा येतेच. इथला रविवार तुम्हाला वेगळा सांगायला नको. दुकानं बंद, शेजारपाजार चिडीचूप. खिळा ठोकायचा नाही, रिकाम्या बाटल्यासुद्धा टाकायला जायचं नाही. "सोमवार ते शनिवार माणूस निदान दूध आणायला तरी जातो," सर एकदा म्हणाले होते. रविवारी फक्त सकाळी बेकरी उघडी असते. काकू गेल्यावर पहिल्यांदा सर तिथे गेले आणि त्यांनी सेमेल, म्हणजे इथला छोटा पाव, मागितला, तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी सवयीने विचारलं, "फक्त एकच?" सरांनी दोन घेतले. अजूनही दोनच घेतात, आणि दुसरा सोमवारी कडक झालेला खातात. हे त्यांनी मला हसत सांगितलं, पण मला हसू आलं नाही.

आता जे लिहिणार आहे ते छापू का, असं मी सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "लिहा. गौरवग्रंथात माणूस कधी हरताना दिसत नाही, म्हणून तर ते कोणी वाचत नाही."

सरांची मुलगी गौरी म्युनिकमध्ये असते. तिची मुलगी तारा एक रविवार आड आजोबांकडे जाते, हे गौरीने तारा लहान असतानाच ठरवून दिलं. मधला रविवार कोणाचा, हे मात्र आजोबा आणि नात खेळून ठरवत. घराजवळच्या मैदानात एक बास्केट आहे. तिथे दोघांनी दहा-दहा फ्री थ्रो, म्हणजे रेषेवरून मोकळे नेम, मारायचे आणि जो हरेल त्याने मधल्या रविवारचं ठरवायचं. नियम अर्थातच सरांचा. तेव्हा तारा नऊ वर्षांची होती, हरायची, आणि मग पोहायला नाहीतर प्राणिसंग्रहालयात नेण्याची फर्माईश करायची. पण मुली मोठ्या होतात. तारा क्लबच्या संघात गेली आणि जिंकायला लागली. आता सर हरत आणि म्हणत, "मधल्या रविवारी माझ्याकडे. पोहे करू." अधूनमधून तिचा नेम चुके आणि सर जिंकत. मग हरलेली तारा म्हणे, मधल्या रविवारी मैत्रिणींबरोबर जाते. ते योग्यच होतं, नियमाप्रमाणेच होतं.

गेल्या वसंतात अशाच एका रविवारी मी सरांकडे गेले होते. आम्ही तिघं मैदानावर आलो. सर म्हणाले, "आज गुडघा जरा धरलाय," आणि लंगडत रेषेवर उभे राहिले. एकेक चेंडू बास्केटच्या कडेवर आदळून परत येत होता. तारा चौदा वर्षांची, उंच, केस घट्ट बांधलेले. ती त्यांच्या पायांकडे बघत उभी होती.

"आजोबा, सकाळी तळघरातून पाण्याच्या बाटल्यांचं क्रेट वर कोणी आणलं?" तिने जर्मनमध्ये विचारलं. सगळं मराठी तिला कळतं, पण उत्तरं नेहमी जर्मनमध्ये.

"मीच. का गं?"

"तिसऱ्या मजल्यापर्यंत? लिफ्ट बंद असताना?"

सर हातातला चेंडू फिरवत राहिले. आणि मग तारा मराठीत बोलली. "आजोबा, तुम्ही खोटं हरता."

मला आधी हसू फुटलं. जन्मभर ज्या गुडघ्याची सरांनी थट्टा केली, तोच गुडघा त्यांनी नातीसमोर पुढे केला होता! मग मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माझं हसू विरलं.

"हो," सर म्हणाले. "खोटं हरतो."

"वारुम? का?"

"मधला रविवार फार मोठा असतो, तारा."

तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, आता खेळ नको, नियम नको, मी दर रविवारी येईन. खरंच येईन. सरांनी चेंडू तिच्या हातात दिला. "तू म्हणतेस ते खरं. पण तसं नको. ते माझ्या हरण्याचं बक्षीस होईल. आजपासून जो जिंकेल, त्याने ठरवायचं."

मला रागच आला. संध्याकाळी सर मला स्टेशनपर्यंत सोडायला आले तेव्हा मी बोललेच. "सर, पोर आपणहून देत होती. घ्यायचं होतंत. इथे कुठली लीग आणि कुठली सोडत?"

"आपणहून दिलं असतं तर घेतलं असतं," ते म्हणाले. "तिला माझी कीव आली. कीव दोन महिने टिकते हो. मग ती माझ्यासमोर बसून मोबाइलवर वेळ बघेल आणि मी पोहे ढवळत राहीन. त्यापेक्षा मी एकटा बरा."

"पण ती क्लबमध्ये खेळते! तुम्ही या जन्मात जिंकणार नाही तिच्याशी."

"बघू," सर म्हणाले, आणि माझी गाडी कोणत्या प्लॅटफॉर्मला लागते ते पाहायला पुढे गेले.

तेव्हापासून सर रोज सकाळी त्या मैदानावर जातात. चेंडू आपटल्याचा आवाज होतो म्हणून समोरच्या बाईंनी तक्रार केली, तेव्हा सरांनी त्यांना वेळा विचारून घेतल्या आणि त्या सोडून जायला लागले. परवा मी न कळवता गेले होते. धुकं होतं. सर बोटं कापलेले हातमोजे घालून एकटेच बास्केटसमोर उभे होते. चेंडू फेकायचा, तो घरंगळत जाईल तिथवर चालत जायचं, उचलून परत रेषेवर यायचं. चेंडू परत द्यायला कोणी नसलं की बास्केटबॉल हा निम्मा चालण्याचाच खेळ आहे. मी बराच वेळ कुंपणाशी उभी राहिले. मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि त्यांचा फार अभिमानही वाटला. शेवटी पिशवी खाली ठेवून मी बास्केटखाली जाऊन उभी राहिले आणि चेंडू परत द्यायला लागले. सरांनी नुसती मान हलवली. हात गारठेपर्यंत ते फेकत राहिले आणि मी परत देत राहिले.

तारा ठरल्या रविवारी येते, जीव ओतून खेळते आणि जिंकते. मधल्या रविवारी तिच्या मैत्रिणी असतात, सामने असतात, तिचं वय असतं. सरांनी अजून एकही मधला रविवार जिंकलेला नाही. मात्र हल्ली ती जिंकते ते जेमतेम, असं तिनेच मला फोनवर सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज काळजीचा होता.

अशा लेखाच्या शेवटी शंभर वर्षांचं आयुष्य मागतात. सरांसाठी ते मी मागतेच, पण शंभर वर्षांत रविवार फार येतात आणि त्यातले निम्मे मधले असतात, म्हणून तेवढ्यावर माझं समाधान होत नाही. सरांचा खांदा भक्कम राहो, दृष्टी स्वच्छ राहो, गुडघा तर कधीच न दुखो. ताराने मायेपोटीसुद्धा एकही चेंडू मुद्दाम चुकवू नये. सरांना तो हातातून सुटतानाच कळेल. तिने असंच जीव तोडून खेळावं, आणि एका रविवारी सरांनी तिला खरंखुरं हरवावं.