पातेऱ्यातला मारुती

जेवून मी पडवीत घोंगडीवर आडवा होतो. उन्हाने कौलं तापली आहेत. सून प्रणाली अंगणात टोपली घेऊन उभी आहे. तिला पाचवा महिना.

"मामांनू, गोठ्यात घालूक पातेरो घेवन येतंय."

पातेरा म्हणजे काजूखालचा वाळका पाला. गोचीड चढू नयेत म्हणून दवाखान्यातून तेल मिळतं, ते लावलंस का, एवढंच मला विचारायचं आहे. जीभ जड होते. डोळे मिटतात.

पायांशी शेवंती बसली आहे. माझी बायको. गेल्या शिमग्याच्या सुमारास, गोचीड चावून होणाऱ्या माकडतापाने गेली. अहेवपणी गेली म्हणून मळवट भरून पाठवली होती. तो अजून ओला आहे.

"निजलास? आणि घराकडे कोण बगता?"

"तू आसस मा."

"मी खंय आसंय? येडे की काय तुमी!"

घोंगडीखाली पातेरा कुरकुरतो. आम्ही बागेत आहोत. वर डोंगरावर पूर्वी दाट रान होतं. ते तोडून सगळ्यांनी काजू लावले, आम्हीही. माकडं खाली उतरली, गुरं त्याच पाल्यात चरू लागली, आणि रानातले गोचीड दारापर्यंत आले. काजूखाली एक माकड मरून पडलं आहे. शेवंती त्याला कुंकू लावते, फूल ठेवते, पदराने माशा वारते.

"हात लावू नको गे!"

"मारुती तो. माणूस मेलो तर असो उगडो टाकतास?"

"तापाचो आसा तो."

"तुमी पयल्यापासून भित्रे. अंतरपाट धरलेलो तेवा पण कापत होतास."

मला हसू येतं. हसताना पाय लोखंडी खाटेला लागतो. इस्पितळ. खाटेवर पातेरा पसरला आहे, त्यावर ती निजली आहे. ती तळहात उघडते. त्यावर तिळाएवढे गोचीड चालत आहेत.

"मेलेल्याच्या थंड आंगावर ते ऱ्हवनत नाय," ती म्हणते. "जिता रगत शोधतत."

"झाडून टाक ते."

"माजे ऱ्हवांदेत. प्रणाली खंय आसा?"

"पातेऱ्याक गेली."

"पातेऱ्याक कोण फुला घेवन जाता?"

मी अंगणातली तिची टोपली आठवू लागतो.

"वयल्या कुंपणाकडे आणखी एक मारुती मेलोहा. तेका फुला घालूक तिका मीच शिकवलंय. उठा." ती आपल्या ओल्या मळवटावर बोटं फिरवते आणि माझं मनगट करकचून धरते. "उठा म्हणतंय मा!"

मी उठतो. ऊन तसंच आहे. प्रणाली कुंपणाच्या बेड्यापाशी, म्हणजे फाटकाशी, पोचली आहे. मी अनवाणी धावतो आणि टोपली धरतो. आत कोयत्याशेजारी जास्वंदीची फुलं आहेत, आणि शेवंतीचा कुंकवाचा करंडा.

"आईनीच शिकवलेला, मामांनू. नुसता फूल ठेवन येतंय."

"नाय. दवाखान्यात कळवूया. ते येवन उचलतले."

ती टोपली सोडत नाही. मीही सोडत नाही. मग तिचा हात सैल होतो. ती माझ्या मनगटाकडे बघते आहे.

तिथे कुंकवाची चार बोटं उठली आहेत. ओली.