इंदूमामींच्या गोधडीचं मशीन

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही, ते आपोआप साठतात. अंबरपेठेतल्या आमच्या गोधडीच्या बैठकीत तर चिंध्यांपेक्षा किस्सेच जास्त उरायचे. चिंध्या निदान गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकता येतात. किस्से मात्र चहाचा कप हातात आला की बाहेर पडतात! मी आवरतं घ्यायचं ठरवते आणि मग कुणीतरी म्हणतंच, "सुधाताई, ते मशीनचं सांगा ना."

तर ते मशीनचं.

बैठक इंदूमामींच्या पुढच्या खोलीत भरायची. मामी आमच्यात सगळ्यांत मोठ्या, आणि गोधडीत तर आम्ही सगळ्या त्यांच्यापुढे कच्चं लिंबू. गल्लीतलं एकही बाळ त्यांच्या गोधडीशिवाय मोठं झालं नव्हतं. मामा कोर्टातून रिटायर झालेले. ते व्हरांड्यात आरामखुर्चीत पेपर वाचायचे आणि आमचं सगळं बोलणं ऐकायचे. बैठकीत मामी, मी आणि तिसरी पुष्पा. तिचा नवरा कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी पुण्याहून नुकताच हैदराबादला आलेला. पुष्पाला गोधडी येत नव्हती, पण उत्साह इतका, की तिला कुणी नाही म्हणू शकत नसे.

* * *

त्या वर्षी मामी सारख्या सुयांवर चिडायला लागल्या.

"आजकालच्या सुयांना टोकच नाही! कापडात जायलीच नाही बघ."

आम्ही मुकाट्यानं सुई बदलून द्यायचो. त्यांच्या बोटांचे सांधे सुजलेत, हे आम्हाला दिसत होतं. पण त्या बोलत नव्हत्या, मग आम्ही तरी कशाला बोलायचं?

पुष्पाला यातलं काही माहीत नव्हतं. एका दुपारी तिनं मामींची टाकून दिलेली सुई उचलली, भराभर चार टाके घातले आणि आनंदानं ओरडली, "मामी, हीच तर छान जातेय की!"

आम्ही बाकीच्या एकदम आपापल्या टाक्यांवर वाकलो. पुष्पाच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा एवढासा झाला.

मामींनी तिच्या गालावरून हात फिरवला. म्हणाल्या, "मग सुई चांगली आहे म्हणायची."

* * *

मामींची मुलगी वासंती दिल्लीला असायची. लग्नानंतर फार वर्षांनी तिला दिवस गेले होते. डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला, त्यामुळे बाळंतपणाला माहेरी येणं शक्य नव्हतं. मामींनीच तिकडे जायचं ठरलं.

शेजारच्यांकडे तिचा फोन आला. "आई, इथे थंडी फार असते ग. दुपट्यानं भागायचं नाही. तुझ्या हातची जाड गोधडी आण. आणि मला आपल्याच घरातले जुने कपडे पाहिजेत त्यात."

"हौ, आणते की!" मामी फोनवर ठणठणीत आवाजात म्हणाल्या. रिसीव्हर ठेवला, हातांकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "सुधे, हो म्हणून बसले ग."

त्यांचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. मला रडूच आलं होतं. पण रडून गोधडी शिवली जात नाही, म्हणून त्याच संध्याकाळी आम्ही ठरवलं, की मशीन घ्यायचं.

मामींचा विरोध होताच. "मशीनला कळतं का, कुणाच्या अंगावर जायचंय ते?"

व्हरांड्यातून मामांचा आवाज आला, "तुझ्या सुईला तरी कुणी सांगितलं होतं?"

* * *

ते दिवस असे होते, की बाजारात रोज काहीतरी नवीन यायचं. रंगीत टीव्ही, मिक्सर, वॉशिंग मशीन, आणि प्रत्येकाचा म्हणून घरी येणारा एक टायवाला! पुष्पानं असाच एक टायवाला शिलाई मशीनच्या डेमोसाठी बोलावला.

मशीन पांढरंशुभ्र, प्लॅस्टिकचं, कडेवर घेता येईल एवढं हलकं. त्यानं रुमाल लावला, बटण दाबलं आणि आमच्यादेखत रुमालावर बदक उमटलं!

"मामी, जपानी आहे!" पुष्पा टाळ्या वाजवत म्हणाली. "शंभर प्रकारचे टाके येतात याला!"

"मला एकच येतो," मामी म्हणाल्या. "तेवढा चालवून दाखव म्हणावं."

आणि त्यांनी आतून गाठोडं आणलं. त्यांची मऊ झालेली लुगडी, मामांची धोतरं, वासंतीचा लहानपणीचा परकर आणि मध्ये जुनी सोलापुरी चादर, असे थरावर थर टाचून ठेवलेले. टायवाल्यानं ते कसंबसं सुईखाली कोंबलं. मशीन एकदा गुरगुरलं, थरथरलं, आणि टक् करून सुई मोडली!

बिचारा घामाघूम झाला. "मॅडम, इट इज फॉर फॅशन पर्पज..."

मामींनी त्याला पाणी दिलं, वर लाडूही दिला. "बदक छान होतं रे बाबा. पण थंडीत बदक पांघरता येत नाही ना."

* * *

मग आम्ही तिघी ते गाठोडं घेऊन गौलीगुड्याच्या बाजारात फिरायला लागलो. मामींची पद्धत ठरलेली होती. मशीनचं नाव विचारायचं नाही, रंग बघायचा नाही. दुकानात शिरायचं आणि गाठोडं काउंटरवर ठेवायचं. म्हणायचं, "इस पे चला के बताओ."

कुठे दोरा तुटायचा, कुठे सुई अडकायची. कुठे वरचं कापड पुढे पळायचं आणि खालचं मागेच राहायचं, मग सगळी गोधडी तिरकी. एक दुकानदार वैतागून म्हणाला, "अम्मा, ये कपडा है के गद्दा?"

"मेरी बेटी के बच्चे का है," मामी म्हणाल्या.

तो एकदम नरमला. त्यानं दुसरं मशीन काढलं. त्याचीही सुई मोडली!

पुढे पुढे आमची इतकी ख्याती झाली, की आम्ही लांबून दिसलो तरी दुकानदार चांगली मशीनं उचलून आत ठेवायला लागले. पुष्पाला भारी अपमान वाटायचा. मामींना मात्र मजा वाटायची. "बघ, मशीनं घाबरायलीत मला!"

पण घरी परतताना बसमध्ये ती मजा उरायची नाही. दिल्लीला जायचा दिवस जवळ येत होता आणि गाठोडं तसंच्या तसं मांडीवर होतं. मी त्यांचा हात धरला की त्या बोटं हळूच सोडवून घ्यायच्या, दुखायची म्हणून.

* * *

शेवटी कुणीतरी मलकपेठच्या जब्बारभाईंचं नाव सांगितलं. रेसकोर्सच्या बाजूला त्यांचं जुन्या मशीनचं दुकान. त्यांनी गाठोडं हातात तोललं, दाबून बघितलं आणि मागून एक काळंकुट्ट, अवजड धूड ओढत आणलं.

"ये ले जाव अम्मा. इसका पांव खुद चलता," सुईजवळची कापड दाबणारी पट्टी दाखवत ते म्हणाले. " ऊपर का कपडा, नीचे का कपडा, दोनों संग-संग जाते. इस पे रेस के घोडों के झूल सिलते थे."

पुष्पा माझ्या कानात कुजबुजली, "अहो ताई, बाळाला घोड्याचं मशीन?"

मामींनी ते ऐकलंच. मग त्यांनी जब्बारभाईंना विचारलं, "घोडों को थंडी बजती क्या, भाई?"

"भोत बजती अम्मा! रेस के घोडे तो बच्चों से नाजूक रैते."

मामी स्टुलावर बसल्या, पाय पायडलवर ठेवला. खाट्, खाट्, खाट्... सगळे थर पार करून सुई वर आली. मामींनी गोधडी उलटी करून मागची ओळ बघितली. पुढच्यासारखीच सरळ!

"हेच द्या," त्या म्हणाल्या. "याला नाजूक म्हणजे काय ते माहीत आहे."

* * *

मशीन घरी आलं, त्याला हळदकुंकू लागलं आणि आवाज असा सुरू झाला, की फळीवरच्या कपबशा नाचायला लागल्या. शेजारच्या रत्नम्मा तावातावानं दारात आल्या. "पिंडि गिरनी पेट्टिंड्रा?" म्हणजे, पिठाची गिरणी घातलीत का!

मामींनी वासंतीचं सांगितलं. रत्नम्मा तशाच परत गेल्या. आम्हाला वाटलं, रागावल्या. थोड्या वेळानं आल्या त्या आपल्या आईच्या जुन्या साडीचा पदर घेऊन. तो त्यांनी मामींच्या मांडीवर ठेवला.

मामा म्हणाले, "बसव कुठंतरी. दिल्लीत थोडं तेलुगूही समजलं पाहिजे बाळाला."

* * *

आणि आता शेवटचा किस्सा.

दुसऱ्या दिवशी दिल्लीची गाडी होती. गोधडी सगळी झाली होती, फक्त एक कोपरा उघडा ठेवला होता. मामींच्या माहेरची रीत अशी, की गोधडीच्या शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालायचा, म्हणजे गोधडी उपाशी राहत नाही आणि पांघरणाराही राहत नाही. बाळाच्या गोधडीचा तो कोपरा आईच्या आईनं मिटायचा, तोही हातानंच.

मामींनी ज्वारीच्या भाकरीचा वाळलेला तुकडा आत सारला, कड दुमडली आणि सुई हातात घेतली. टोचली. सुई अर्धी आत गेली आणि तिथेच थांबली. पलीकडून ओढायला बोटं मिटेचनात. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"मामी, मी घालू का?" पुष्पानं अगदी हळू विचारलं.

"नक्को."

"नाहीतर मशीनवर..."

"नक्को म्हटलं ना!" आणि मामींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आमच्याही. इतक्या वर्षांत आम्ही त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात व्हरांड्यातली आरामखुर्ची करकरली. मामा आत आले, कपाटावरची हत्यारांची पेटी खाली काढली आणि मामींच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसले. ज्या माणसानं आयुष्यात शर्टाचं बटण लावलं नव्हतं, तो माणूस! हातात पक्कड.

मामींनी सुई टोचली. मामांनी पलीकडून पकडीनं टोक धरलं आणि हळूच ओढलं. दोरा सळसळत बाहेर आला. पुन्हा मामींनी टोचली, पुन्हा मामांनी ओढली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

चार-पाच टाके झाल्यावर मामींनी डोळे पुसले आणि त्यांचा आवाज परत आला.

"अहो, हा आईच्या आईनं मिटायचा कोपरा आहे. तुम्ही कशाला हात लावायलाव?"

मामांनी मान वर केली नाही. पुढच्या टाक्याचं टोक नीट पकडत म्हणाले,

"मी कुठं हात लावायलो? पक्कड लावायलो."